हजार म्हणजे हजार काय? टक्कर-चाचणीतल्या निकषांविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं जोडली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, गाड्यांच्या टक्कर-चाचणीशी तुमचा काय संबंध? संबंध एका शब्दापुरता आहे. तो शब्द 'निकष'. अभियंते 'इंजरी क्रायटेरिया' म्हणतात, आपण 'दुखापतीचे निकष' म्हणू. गाडी भिंतीवर आपटतात, आत बसवलेल्या पुतळ्याच्या अंगातली यंत्रं काही आकडे देतात, त्या आकड्यांना मर्यादा लावतात, आणि मग आपल्याला सांगतात की गाडी सुरक्षित आहे, तिला इतके तारे. आकडा आणि 'सुरक्षित' हा शब्द, या दोघांच्या मध्ये जी जागा आहे ती अभियांत्रिकीची एकटीची नाही. तिथे ज्ञानमीमांसा आहे, नीतिशास्त्र आहे, थोडं राजकारणही आहे. आज त्या जागेत फिरून येऊ.

निकष म्हणजे मुळात कसोटीचा दगड. सोनार त्यावर सोनं घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून कस सांगतो. या व्यवहारात एक गोष्ट आपण गृहीत धरतो, ती म्हणजे दगडावर घासलं जातं ते सोनंच असतं. टक्कर-चाचणीत काय होतं? ज्याचा कस पाहायचा ते माणसाचं शरीर. घासला जातो पुतळा. त्याच्या डोक्यात मेंदू नाही, अॅक्सेलरोमीटर आहे. त्याची हाडं मोडत नाहीत, मोडू नयेत अशीच बनवलेली असतात, कारण उद्या तोच पुतळा पुन्हा वापरायचा असतो. म्हणजे दुखापतीचा निकष जिथे लावला जातो तिथे दुखापत कधीच होत नाही. हा दोष नव्हे, जिवंत माणसं आपटून पाहता येत नाहीत हे उघड आहे. पण म्हणूनच विचारावं लागतं, की पुतळ्यातल्या आकड्यापासून माणसाच्या वेदनेपर्यंतचा पूल कुणी बांधला, कशाचा बांधला, आणि तो किती वजन पेलतो?

हजार काय?

सगळ्यात प्रसिद्ध निकष घेऊ. हेड इंजरी क्रायटेरिअन, म्हणजे एच.आय.सी. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने तो १९७२ साली स्वीकारला आणि मग जगभर गेला. गणित शब्दांत सांगतो. टकरीच्या वेळी डोक्याचा वेग झपाट्याने बदलतो, तो बदल 'जी'मध्ये मोजतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट. एखादा कालावधी निवडायचा, त्या कालावधीतली सरासरी काढायची, त्या सरासरीचा अडीचवा घात करायचा, आणि कालावधीच्या सेकंदांनी गुणायचं. असे सगळे कालावधी तपासून जे सर्वांत मोठं उत्तर येईल ते एच.आय.सी. कालावधी किती लांब घ्यायचा याला मर्यादा आहे, पूर्वी ३६ मिलिसेकंद होती. आणि उत्तराची मर्यादा १०००.

ताळा करून पाहा. डोक्याला ३६ मिलिसेकंद सलग ६० जी बसले, तर साठचा अडीचवा घात साधारण २७,९००, त्याला ०.०३६ने गुणा, हजाराच्या जरासं वर. अडीचव्या घाताचा अर्थ असा, की धक्का दुप्पट झाला तर आकडा दुप्पट होत नाही, साडेपाच पटीच्याही वर जातो. कल्पना ठीक आहे: तीव्र धक्का थोडा वेळही वाईट, सौम्य धक्का जास्त वेळ सोसतो.

आता माझा भाबडा प्रश्न. हजार म्हणजे हजार काय? हजार रुपये कळतात, हजार मैल कळतात. इथे एकक काढायला गेलं तर ते 'जीचा अडीचवा घात गुणिले सेकंद' असं येतं. असं एकक निसर्गात कुठे भेटत नाही, म्हणून अहवालात एकक लिहितच नाहीत, नुसता आकडा लिहितात. एकक गळून पडलं की आकडा स्वतःच्या पायावर उभा असल्यासारखा दिसतो. हजार ही गोल संख्या आहे, हेही विसरू नका. माणसाच्या कवटीला दशमान पद्धत ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

डेट्रॉइटची रेघ

हा अडीचवा घात आला कुठून? डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातून. तिथे गर्डजिअन नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक आणि लिस्नर नावाचे अभियंते एकत्र काम करत होते. देहदानातून आलेल्या मृतदेहांची डोकी कपाळाच्या बाजूने कठीण पृष्ठावर पाडायची, धक्का मोजायचा, आणि कवटीला तडा कधी जातो ते पाहायचं. त्यातून १९६०च्या सुमारास एक वक्ररेषा तयार झाली: इतक्या वेळेला इतका धक्का, याच्या वर धोका. १९६६ साली जनरल मोटर्सचे चार्ल्स गॅड यांनी ही वक्ररेषा लॉगरिदमच्या कागदावर सरळ रेषेसारखी धरली आणि तिच्या उतारावरून अडीच हा घात काढला. हजाराची मर्यादा त्यांचीच. १९७१मध्ये फोर्डच्या व्हर्साचे यांनी त्या सूत्रावर टीका करून सरासरीचं सूत्र सुचवलं, आणि पुढच्या वर्षी त्याच धर्तीचं सूत्र नियमात आलं.

या लोकांची मी थट्टा करत नाही, हे आधीच सांगतो. त्यातल्या लॉरेन्स पॅट्रिक नावाच्या प्राध्यापकांनी प्रयोगाच्या घसरगाडीवर स्वतः शेकडो वेळा बसून धक्के घेतले. अमेरिकी हवाईदलाचे डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या गाडीवर ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. ४६.२ जी. डोळ्यांत रक्त उतरलं, पण माणूस जगला. वक्ररेषेची दीर्घ कालावधीची बाजू अशा जिवंत स्वयंसेवकांच्या अंगावरून आलेली आहे. ज्यांनी स्वतःचं शरीर दिलं, जिवंतपणी किंवा मेल्यावर, त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच टीका करायची आहे.

पण टीका आहे. मृत डोक्याला मेंदूचा आघात, ज्याला कन्कशन म्हणतात, तो होतो की नाही हे कळणार कसं? मृत माणूस बेशुद्ध होत नाही. म्हणून कवटीचा तडा हे चिन्ह मानलं. आधार असा, की ज्या रुग्णांच्या कवटीला सरळ तडा गेलेला असतो त्यांतल्या बहुतेकांना मेंदूचा आघातही झालेला असतो, हे गर्डजिअन यांनी रुग्णालयात पाहिलं होतं.

इथे आपल्या नैयायिकांना बोलवू या. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आहे. उलट चालत नाही. तापलेला लोखंडाचा गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. आता तडा हा धूर आणि मेंदूचा आघात हा अग्नी असं धरा. तडा दिसला तर आघात आहे, हे बऱ्याच अंशी मान्य. पण तडा नाही म्हणून आघात नाही, असं म्हणता येतं का? नाही. आणि सुरक्षेच्या निकषाला नेमकं हेच दुसरं वाक्य लागतं. 'आकडा हजाराच्या खाली, म्हणून डोकं ठीक.' कवटी शाबूत आणि मेंदू दुखावलेला, अशी माणसं म्हणजे नैयायिकांचा तो लोखंडाचा गोळा. ती मोजणीतून सुटतात.

दुसरी गोष्ट उपाधीची. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे वाक्य खरं वाटतं, कारण बहुधा सरपण ओलं असतं. ओलं सरपण ही लपलेली अट. एच.आय.सी.मागची लपलेली अट काय? कपाळावर, समोरून, कठीण पृष्ठावर, सरळ रेषेत बसलेला मार. पण टकरीत डोकं सरळच जात नाही, ते मानेवर गर्रकन फिरतं. कवटी थांबते, आतला मेंदू फिरत राहतो, पेशींचे धागे ताणले जातात. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ हॉलबोर्न यांनी हे १९४३ सालीच जिलेटिनचे मेंदू बनवून दाखवलं होतं. एच.आय.सी.च्या सूत्रात फिरण्याला जागाच नाही. फिरण्याचा वेग धरणारा 'ब्रिक' नावाचा निकष अमेरिकी प्रशासनाच्याच संशोधकांनी मांडला, तो २०१३मध्ये. हॉलबोर्नपासून सत्तर वर्षं. का? माझं उत्तर असं: एकदा आकडा नियमात बसला की त्याभोवती पुतळे, प्रयोगशाळा, कारखाने, कंत्राटं उभी राहतात. मग आकडा बदलणं म्हणजे ते सगळं बदलणं. ज्ञान पुढे जातं, निकष घट्ट बसतो.

सोळा टक्के कुणाचे?

लोकांचा समज असतो की ९९९ म्हणजे वाचला आणि १००१ म्हणजे गेला. अभियंत्यांचा असा समज अजिबात नाही. त्यांच्याकडे जोखमीची वक्ररेषा असते. प्रसाद आणि मर्ट्झ यांची प्रसिद्ध रेषा सांगते, की एच.आय.सी. हजार असताना प्रौढांमध्ये जिवावर बेतणारी मेंदूची दुखापत होण्याची शक्यता साधारण १६ टक्के. पुढे अमेरिकेने २००० साली कालावधी १५ मिलिसेकंद केला आणि मर्यादा ७००वर आणली, तेव्हा ही जोखीम सुमारे ५ टक्के धरली गेली.

आता सांगा, १६ टक्के चालतील हे कुणी ठरवलं? आणि नंतर ५ टक्के? हा आकडा कुठल्याही कवटीत सापडत नाही. तो कुणीतरी स्वीकारलेला असतो. रिचर्ड रुडनर नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९५३ साली एक लहानसा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की एखादं विधान मान्य करायला पुरावा किती हवा, हे चुकल्यास काय होईल यावर ठरतं. औषधात विष नाही असं म्हणताना जितकी खात्री हवी, तितकी कमरेच्या पट्ट्याच्या बकला सदोष नाहीत असं म्हणताना लागत नाही. म्हणजे वैज्ञानिक जेव्हा 'पुरेसं' म्हणतो, तेव्हा त्याने एक नैतिक निवाडा केलेला असतो, त्याला ते जाणवो अथवा न जाणवो.

मर्यादा ही तशी निवड आहे. तिच्यात वाईट काही नाही, निवड करावीच लागते. माझा आक्षेप ती लपते याला आहे. '१६ टक्के जोखीम आम्ही मान्य केली' असं वाक्य लिहिलं असतं तर लोकांनी प्रश्न विचारले असते. 'एच.आय.सी. १०००' असं लिहिलं की कुणी विचारत नाही.

एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. बाजूच्या टकरीसाठी अमेरिकेने १९९० साली छातीचा एक निकष लावला, टी.टी.आय. त्याची मर्यादा चार दारांच्या मोटारीसाठी ८५ जी आणि दोन दारांच्या मोटारीसाठी ९० जी. बरगडीला गाडीची दारं मोजता येतात का? येत नाहीत. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, ते मजबूत करणं अवघड. म्हणजे आकड्यात कारखान्याची अडचण मिसळलेली आहे. कदाचित तडजोड योग्यही असेल. पण मग त्याला दुखापतीचा निकष म्हणू नका. तडजोडीचा निकष म्हणा.

कुणाचं शरीर?

याच टी.टी.आय.ची आणखी एक गोष्ट. मृतदेहांवरच्या प्रयोगांतून हे सूत्र निघालं तेव्हा त्यात वय होतं. वयाच्या १.४ पट, अशी सरळ एक संज्ञा. कारण उघड आहे, वय वाढतं तशा बरगड्या ठिसूळ होतात. हेच सूत्र पुतळ्याला लावायची वेळ आली तेव्हा वयाची संज्ञा काढून टाकली. पुतळ्याला वय नसतं! गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे. पण मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, समोरही माझ्या वयाची बरीच मंडळी दिसतात. त्या वगळलेल्या संज्ञेत आपण होतो.

समोरच्या टकरीत जगभर वापरला जातो तो पुतळा म्हणजे 'हायब्रिड थ्री', जनरल मोटर्सने १९७६ साली आणलेला. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. त्या काळातला मधला अमेरिकी पुरुष. या सभागृहात नजर फिरवा, आणि अशा मापाचे किती जण आहेत ते स्वतःच मोजा. स्त्रीचा म्हणून जो पुतळा बराच काळ वापरात आहे त्याची उंची सुमारे १५० सेंटिमीटर आणि वजन ४९ किलो. म्हणजे अमेरिकी स्त्रियांतल्या सर्वांत लहान पाच टक्क्यांच्या सीमेवरची स्त्री, आणि तीही बव्हंशी पुरुषाचं माप लहान करून घडवलेली. सरासरी स्त्री कुठे आहे? स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली १६२ सेंटिमीटर, ६२ किलोचा सरासरी स्त्रीचा पुतळा दाखवला. तो मागून बसणाऱ्या धक्क्यासाठी आहे.

याचा परिणाम होतो का? अमेरिकेतल्या १९९८ ते २००८ या काळातल्या अपघातांच्या नोंदींवर २०११मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टा लावलेली चालक स्त्री आणि तशाच टकरीतला पट्टा लावलेला चालक पुरुष, यांत स्त्रीला गंभीर दुखापत होण्याचा धोका, संख्याशास्त्रात ज्याला ऑड्स म्हणतात त्या मापाने, ४७ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१९मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी समोरच्या टकरीपुरतं पाहिलं, तिथे ७३ टक्के. सगळा दोष पुतळ्याचा असं मी म्हणणार नाही, शरीररचना, बसण्याची जागा, गाडीचा प्रकार अशी अनेक कारणं त्यात आहेत. पण ज्या शरीरावर कस लावला जातो त्या शरीरासाठी गाडी सुधारते, एवढं म्हणायला हरकत नाही.

कसली दुखापत?

मघापासून मी 'गंभीर' असा शब्द वापरतोय. तो कुठून आला? १९७१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली एक श्रेणी आहे, अॅब्रिव्हिएटेड इंजरी स्केल, ए.आय.एस. एक म्हणजे किरकोळ, सहा म्हणजे ज्यावर इलाज नाही. आपल्याकडे याच आद्याक्षरांनी घोटाळा होतो, कारण भारतातल्या वाहन-मानकांनाही ए.आय.एस.च म्हणतात, ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड, आणि ती पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच्या ए.आर.ए.आय.कडून प्रसिद्ध होतात. मी दुखापतीच्या श्रेणीबद्दल बोलतोय.

ही श्रेणी मुख्यतः जिवाला असलेला धोका मोजते. माणूस पुढे कसा जगेल, हे मोजत नाही. घोट्याचं हाड चुकीच्या ठिकाणी मोडलं तर श्रेणी साधारण दोन. पण तो माणूस गवंडी असेल, हमाल असेल, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन फिरणारी बाई असेल, तर त्या दोनात सगळा संसार मोडतो. जोराचा डोक्याचा मार, पण जीव वाचला, आणि नंतर हिशेब जमत नाही, राग आवरत नाही, घरच्यांना ओळखीचा माणूस परका वाटू लागतो. ते कोणत्या आकड्यात बसवायचं? जगणं आणि मरणं यांमधली रेघ मोजायला सोपी, म्हणून तिच्याभोवती निकष रचले गेले. जगण्याचे प्रकार मोजायला अवघड, म्हणून ते मागे राहिले.

निकषासाठी गाडी

आता दुसऱ्या बाजूने पाहू. परीक्षेत येणारे प्रश्न माहीत असले की विद्यार्थी तेवढंच पाठ करतो. मी चाळीस वर्षं हे पाहिलंय. कारखाने वेगळे कसे असतील?

अनेक वर्षं समोरच्या टकरीची प्रमाण चाचणी अशी होती, की गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आपटायचा. गाड्या त्यात छान पास होऊ लागल्या. २०१२ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने, आय.आय.एच.एस.ने, फक्त २५ टक्के भाग आपटायला सुरुवात केली, ताशी ६४ किलोमीटरने. पहिल्या फेरीत मध्यम आकाराच्या ११ आलिशान गाड्या होत्या. त्यांतल्या तीनच गाड्या 'चांगली' किंवा 'स्वीकारार्ह' ठरल्या. मग कारखान्यांनी सुधारणा केल्या. पण ही चाचणी चालकाच्या बाजूने होत असे. २०१६मध्ये त्याच संस्थेने सात छोट्या एस.यू.व्ही. घेतल्या, सगळ्या चालकाच्या बाजूने 'चांगल्या', आणि शेजारच्या प्रवाशाच्या बाजूने आपटल्या. 'चांगली' म्हणावी अशी एकच निघाली.

शेजारी कोण बसतं? नवरा, बायको, आई. त्यांच्याकडे कुणी दुष्टपणे दुर्लक्ष केलं नव्हतं. त्यांच्या बाजूला निकष नव्हता, एवढंच.

आपल्या रस्त्यावर

भारतात ताशी ५६ किलोमीटरच्या समोरच्या टकरीची चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७पासून सक्तीची झाली. त्याआधी, २०१४च्या जानेवारीत, ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या होत्या, आणि प्रौढांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. १ ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची 'भारत एनकॅप' ही ऐच्छिक तारांकन योजना सुरू झाली. तिथे समोरची टक्कर ताशी ६४ किलोमीटरची. ही मोठी प्रगती आहे, आणि ती आकड्यांमुळेच झाली. शून्य तारे हा आकडा नसता तर लाज वाटली नसती.

पण केंद्र सरकारचाच अहवाल उघडा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे, १९.५ टक्के पायी चालणारे. मोटार, टॅक्सी, व्हॅन अशा हलक्या वाहनांतले १२.५ टक्के. तारे आहेत ते या शेवटच्या गटासाठी.

पादचाऱ्यासाठी निकष नाहीत असं नाही. गाडीच्या बॉनेटवर डोक्याच्या आकाराचा गोळा आपटतात. आंतरराष्ट्रीय नियमात वेग ताशी ३५ किलोमीटर. आणि मर्यादा? बॉनेटच्या बऱ्याच भागावर एच.आय.सी. १०००, उरलेल्या भागावर १७००. हेल्मेटच्या युरोपीय नियमात, २२.०५ या आवृत्तीत, मर्यादा २४००. म्हणजे मोटारीत बसलेल्याचं डोकं ७०० किंवा १०००ला, बॉनेटवर पडलेल्याचं १७००लाही, आणि स्कूटरवरच्याचं २४००ला चालतं?

घाईने संतापू नका. ही तुलना सरळ करता येत नाही. हेल्मेटच्या चाचणीत धातूचं सुटं डोकं पाडतात, मोटारीतल्या पुतळ्याला मान असते, रबरी त्वचा असते. यंत्रं वेगळी, म्हणून आकडे वेगळे. पण ही सबब मान्य केली की दुसरी एक गोष्टही मान्य करावी लागते: हा आकडा डोक्याचा गुणधर्म नाही, चाचणीच्या पद्धतीचा गुणधर्म आहे. मग नाव मात्र 'डोक्याच्या दुखापतीचा निकष' कसं? एक चांगली गोष्ट सांगतो. हेल्मेटच्या पुढच्या, २२.०६ या आवृत्तीत तिरकस आपटण्याची चाचणी आली आणि डोक्याचं फिरणंही मोजलं जाऊ लागलं. घट्ट बसलेला निकषही हलतो, हलवणारं कुणी असेल तर.

मग करायचं काय?

निकष फेकून द्या असं म्हणणारा मी नाही. आकडा नसेल तर 'आमची गाडी मजबूत आहे' एवढीच जाहिरात उरते. पुतळ्याच्या चाचणीने असंख्य माणसं वाचवली आहेत. माझी मागणी साधी आहे, आणि ती तीन वाक्यांत सांगता येते.

आकड्यासोबत जोखीम लिहा. ७०० लिहिता, तर त्याचा अर्थ किती टक्के आणि कसली दुखापत, हे शेजारी लिहा. दुसरं, शरीर लिहा. हे तारे १७५ सेंटिमीटर, ७८ किलोच्या पुरुषाच्या पुतळ्यावर मिळाले, असं पत्रकावर छापा. म्हणजे बाकीच्यांना कळेल की आपल्याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही. आणि तिसरं, मर्यादा ठरवणाऱ्या समितीत ज्यांची डोकी पणाला लागलेली आहेत त्यांना बसवा: दुचाकीवाले, पायी चालणारे, म्हातारे, स्त्रिया, अपघातातून वाचून अपंगत्व घेऊन जगणारे. सूत्र तज्ज्ञांनी काढावं. किती टक्के चालतील, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं.

सोनार कस लावतो तेव्हा गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, रेघ त्यालाही दिसते. इथेही तेवढंच व्हावं.



श्रोत्यांचे प्रश्न

*सर, मग गाडी घेताना तारे पाहावेत की नाही?*

जरूर पाहा. शून्य आणि पाच यांत फार मोठा फरक आहे, त्यात शंका नको. चार आणि पाच यांत किती फरक, ते मात्र अहवाल उघडून बघा. डोकं, मान, छाती, पाय असे वेगवेगळे भाग दिलेले असतात, पोरांच्या सुरक्षेचे तारे वेगळे असतात. घरात कोण कुठे बसतं ते आठवून वाचा. आणि मागच्या सीटवर पट्टा लावा, त्यासाठी कुठलाच तारा लागत नाही.

*आता संगणकावर संपूर्ण मानवी शरीराची प्रतिकृती करतात. मग पुतळ्यांचे हे सगळे प्रश्न सुटतील का?*

काही सुटतील. टोयोटाची 'थम्स' नावाची प्रतिकृती आहे, तिच्यात हाडं आहेत, अवयव आहेत, वय आणि बांधा बदलता येतो. वगळलेलं वय परत आणता येईल, ही मोठीच गोष्ट. पण संगणक सांगेल की मेंदूचा अमुक भाग इतके टक्के ताणला गेला. किती ताणला म्हणजे दुखापत, हे पुन्हा कुठल्यातरी प्रयोगावरून ठरवावं लागेल. आणि किती दुखापत आपण चालवून घेणार, हे कुठल्याच प्रयोगावरून ठरणार नाही. तो प्रश्न आपल्याकडेच राहील, आणि तो आपल्याकडेच राहावा.